अँग्लिकन पाद्र्याच्या चरित्रातल्या तारखा आणि पदं जुळत नाहीत? तपासणी कुठून सुरू करायची, कुठे थांबायचं

कोशातली नोंद दुरुस्त करताना, गावातल्या जुन्या चर्चचा इतिहास लिहिताना किंवा कबरस्तानातल्या दगडांची यादी करताना इंग्लंडच्या चर्चचा, म्हणजे अँग्लिकन, पाद्री कुठेतरी भेटतोच. त्याच्याबद्दल तीन ठिकाणी तीन गोष्टी लिहिलेल्या असतात. घोळ दर वेळी नवा वाटतो, पण कारण बहुतेक वेळा एकच निघतं: एका घटनेची तारीख कुणीतरी दुसऱ्याच घटनेच्या नावावर लावलेली असते. बाप्तिस्म्याचा दिवस जन्मदिवस म्हणून छापला जातो, वारसाची नेमणूक मृत्यूचं वर्ष ठरते, मदतनीस पाद्री गावचा मुख्य पाद्री होऊन बसतो. म्हणून प्रत्येक तारखेला एकच प्रश्न विचारायचा: ही नेमकी कशाची नोंद आहे, आणि ती कुणी, केव्हा केली?

लक्षणं

- एकाच घटनेची दोन वर्षं मिळतात, फरक बरोबर एक वर्षाचा असतो, आणि तारीख जानेवारी ते मार्चमधली असते.
- पाद्रीपदाच्या दीक्षेच्या वेळचं वय बावीस किंवा त्याहून कमी निघतं.
- पुस्तकं 'व्हिकर' (गावचा कायमचा मुख्य पाद्री) म्हणतात, पण त्या गावच्या चर्चमधल्या नामफलकावर त्याचं नावच नाही.
- तो एकाच वेळी दोन-तीन गावांत नेमलेला दिसतो.
- मृत्यूनंतरही पाद्र्यांच्या डिरेक्टरीत नाव चालू राहतं, किंवा कारकीर्द सत्तर वर्षांची होते.
- कुठल्याही यादीत तो सापडतच नाही.
- त्याला भारतात दीक्षा मिळाली असं लिहिलंय, पण त्या काळी इथे दीक्षा देणारा बिशपच नव्हता.

यातली बरीचशी लक्षणं घरबसल्या, पैसा न खर्चता निकालात निघतात. लोक मात्र थेट लंडनहून दाखला मागवण्यापासून सुरुवात करतात आणि चुकीच्याच माणसाचा दाखला हातात घेऊन बसतात.

आधी कागदावर मांडा

एका कोऱ्या पानावर पाच रकाने आखा: घटना, मूळ नोंदीत लिहिलेली तारीख (जशीच्या तशी, स्वतः दुरुस्त न करता), गाव आणि धर्मप्रांत (एका बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश), कुणी लिहिली, घटनेनंतर किती काळाने लिहिली. प्रत्येक दाव्याला वेगळी ओळ द्या. 'जन्म-मृत्यू' असं एका ओळीत कोंबू नका, कारण दोन्हींचे पुरावे वेगळे असतात.

मग प्रत्येक दावा मागे मागे नेत जा. पाच संकेतस्थळांवर तीच तारीख असली म्हणून पाच साक्षीदार झाले असं नाही. पाचही जण विसाव्या शतकातल्या एकाच छापील नोंदीवरून उतरवत असतील तर साक्षीदार एकच. तोच शब्दक्रम, तीच शुद्धलेखनाची चूक, तोच विचित्र तपशील दिसला की उतारा ओळखता येतो. या टप्प्यावर यादी निम्मी होते, आणि खरा वाद किती ठिकाणी आहे ते कळतं.

तो अँग्लिकन होता ना?

ही तपासणी हास्यास्पद वाटते, पण 'कुठल्याच यादीत सापडत नाही' या लक्षणाचं आपल्याकडचं हे पहिलं कारण आहे. नावामागे 'रेव्हरंड' लागलं की माणूस इंग्लंडच्या चर्चचा असतो असं नाही. मुंबईच्या विल्सन कॉलेजचे डॉ. जॉन विल्सन आणि नागपूरचे स्टीफन हिस्लॉप स्कॉटिश परंपरेतले. १८४३ साली स्कॉटलंडचं चर्च फुटलं तेव्हा विल्सन फ्री चर्चमध्ये गेले, आणि हिस्लॉप भारतात आले तेच फ्री चर्चतर्फे. रेव्ह. नारायण वामन टिळक अमेरिकन मराठी मिशनचे. यांना अँग्लिकन सूचीत शोधणं म्हणजे वेळ घालवणं.

उलटी फसगतही होते. 'फादर' म्हटलं की आपण कॅथलिक धरून चालतो. फादर नेहेमाया गोऱ्हे, म्हणजे पूर्वाश्रमीचे नीळकंठशास्त्री गोऱ्हे, अँग्लिकन होते. ते ज्या काउली फादर्सच्या संघात सामील झाले तोही अँग्लिकनच. पुण्यात १८९० साली ज्या चहावरून ग्रामण्य झालं ते पंचहौद मिशन याच संघाचं. अशा संघातल्या माणसाकडे इंग्लंडमधल्या गावच्या पाद्र्याचं पद असेलच असं नाही. त्यामुळे गावनिहाय याद्यांत तो न सापडणं हा दोष नव्हे.

आजच्या पाटीवरूनही निष्कर्ष काढू नका. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) २९ नोव्हेंबर १९७० रोजी अनेक चर्च एकत्र येऊन झालं. त्यात अँग्लिकन होते, तसेच प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट आणि इतरही. आज सीएनआयची पाटी असलेली मंडळी १८६० मध्ये कुणाची होती हे वेगळं तपासावं लागतं.

जानेवारी ते मार्चचा सापळा

इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. १७५२ पासून ते १ जानेवारीला सुरू झालं, आणि त्याच वर्षी २ सप्टेंबरनंतरचा दिवस १४ सप्टेंबर मोजून कॅलेंडर बाकी युरोपच्या रांगेत आणलं. म्हणजे त्याआधीच्या नोंदवहीत '६ मार्च १७३६' असं लिहिलं असेल, तर आपल्या हिशेबाने ते १७३७ असतं. काळजीपूर्वक लिहिणारे १७३६/७ असं दुहेरी लिहितात. पुढचा नक्कल उतरवणारा तिरकी रेघ आणि ७ गाळतो, आणि घोळ तिथून सुरू होतो. स्कॉटलंडने वर्षारंभ १६०० मध्येच बदलला होता, तेव्हा हा नियम तिकडे लावू नका.

लॉरेन्स स्टर्न हा कादंबरीकार म्हणून प्रसिद्ध, पण पोटापाण्याचा उद्योग पाद्र्याचा. त्याची डीकनपदाची, म्हणजे पाद्रीपणाच्या पहिल्या पायरीची, दीक्षा याच तारखेची, म्हणून हाच नमुना घेऊ. दुरुस्ती अशी: नोंद १ जानेवारी ते २४ मार्च या पट्ट्यात आणि १७५२ आधीची असेल, तर मूळ वर्ष आणि आधुनिक वर्ष दोन्ही लिहा. अकरा दिवसांचा फरक मात्र स्वतःहून मिळवू नका. जुन्या इंग्लिश तारखा तशाच ठेवण्याची पद्धत आहे, आणि अर्ध्या तारखा बदलून अर्ध्या तशाच ठेवल्या की पुढच्या माणसाला काहीच सोडवता येत नाही.

वय आणि वार: दोन मोफत कसोट्या

१६०४ च्या चर्चनियमांपासून डीकन होण्यासाठी २३ आणि प्रीस्ट, म्हणजे पूर्ण पाद्री, होण्यासाठी २४ पूर्ण लागत. डीकनच्या वयातून कँटरबरीच्या आर्चबिशपकडून सूट मिळू शकत असे, पण ती अपवादानेच मिळे, आणि मिळाली तर तिचा कागद असतो. १८०४ च्या कायद्याने वयाची अट आणखी घट्ट केली. अटीखालच्या वयात दिलेली दीक्षा रद्दबातल ठरू लागली.

आता स्टर्नकडे वळू. जन्म २४ नोव्हेंबर १७१३, आयर्लंडमधलं क्लॉनमेल. दीक्षा ६ मार्च १७३६ धरली तर वय २२, म्हणजे नियमात बसत नाही. १७३७ धरलं तर २३, बसतं. वयाने एकट्याने निकाल लागत नाही, पण नोंद कुठे सरकली आहे ते दिसतं.

दुसरी कसोटी वाराची. दीक्षाविधी रविवारी होत, आणि बहुतेक वेळा वर्षातल्या चार ठरलेल्या उपवास-सप्ताहांनंतरच्या रविवारी. ६ मार्च १७३७ हा ज्युलियन कॅलेंडरप्रमाणे रविवार, आणि तोही लेंटमधला, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातला, दुसरा रविवार, म्हणजे दीक्षेचा ठरलेला दिवस. ६ मार्च १७३६ ला शनिवार पडतो. निकाल लागला. त्याची प्रीस्टपदाची तारीख २० ऑगस्ट १७३८. ती ठरलेल्या सप्ताहात बसत नाही, पण रविवार आहे. अशी आडवेळची दीक्षा देता येत असे, त्यामुळे तेवढ्यावरून तारीख खोटी ठरवू नये.

इथे एक हमखास चूक होते: मोबाइलमधलं कॅलेंडर १७३७ साठीही आजचीच पद्धत लावतं आणि ६ मार्चला बुधवार दाखवतं. वार काढायच्या साधनात ज्युलियन पर्याय निवडता येतो का ते आधी पाहा. नसेल तर १७०० ते १७५२ या काळातल्या इंग्लिश तारखेत ११ दिवस मिळवा आणि येणाऱ्या तारखेचा वार घ्या. १७ मार्च १७३७ रविवार येतो. हे अकरा दिवस फक्त वार काढण्यापुरते. नोंदीत तारीख मूळचीच राहते.

मोफत सूच्या, आणि त्या कशा फसवतात

इंग्लंड आणि वेल्समधल्या १५४० ते १८३५ या काळासाठी चर्च ऑफ इंग्लंडच्या पाद्र्यांचा मोफत डेटाबेस आहे. संशोधक त्याला सीसीईडी म्हणतात. तो बिशपच्या दप्तरांवरून केलेला आहे, म्हणून चरित्रकाराच्या वाक्यापेक्षा त्याचं वजन जास्त. पण त्यातलं 'व्यक्ती' हे पान नंतरच्या संपादकांनी सुट्या नोंदी जोडून बनवलेलं असतं. एकाच माणसाची तीन पानं असू शकतात, किंवा दोन माणसं एका पानात कोंबलेली असू शकतात. पानाचा वरचा सारांश वाचून थांबू नका. खाली उतरून प्रत्येक नोंद कुठल्या दप्तरातली, कुठल्या धर्मप्रांताची, ते पाहा.

धर्मप्रांत एकच असेल असं धरून शोधलं की नोंदी निसटतात. स्टर्न डीकन झाला लिंकनच्या बिशपकडून, प्रीस्ट झाला चेस्टरच्या बिशपकडून, आणि नोकरी केली यॉर्कच्या धर्मप्रांतात. यात गैर काही नाही. एका बिशपच्या पत्रावर दुसरा बिशप दीक्षा देत असे. फक्त यॉर्क शोधणाऱ्याला दीक्षा 'सापडत नाही', एवढंच.

ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या विद्यार्थ्यांच्या छापील सूच्या इंटरनेटवर मोफत वाचता येतात. केंब्रिजची सूची व्हेन पितापुत्रांची, १९०० पर्यंतची. ऑक्सफर्डची जोसेफ फॉस्टरची, १५०० ते १८८६. फॉस्टरमध्ये प्रवेशाच्या दिवशीचं वय आणि वडिलांचा दर्जा असतो. वय १८ आणि प्रवेश मे १७४० असेल, तर जन्म १७२१ किंवा १७२२ असा दोन वर्षांचा पट्टा निघतो. त्यातलं एकच वर्ष उचलून 'जन्म' म्हणून लिहिलं की पुढे तेच पक्कं होतं. दोन्ही सूच्यांमध्ये पुढच्या कारकिर्दीची माहिती मिळेल त्या ठिकाणाहून गोळा केलेली आहे. प्रवेश आणि पदवीवर विश्वास ठेवा, बाकी स्वतंत्र तपासा.

नावाचं स्पेलिंग सैल ठेवूनच शोध घ्या. ब्राँटी भगिनींचे वडील पॅट्रिक १८०२ मध्ये केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले तेव्हा नोंद 'ब्रँटी' अशी झाली. घराण्याचं आडनाव 'ब्रंटी'. ज्याला आपण थॉमस माल्थस म्हणतो त्याला घरचे-दारचे रॉबर्ट म्हणत. पत्रव्यवहारातला 'रॉबर्ट' दुसरा भाऊ समजून वेगळा काढू नका. आणि विद्यापीठ नाहीच सापडलं तर तेही शक्य आहे: सेंट बीज (१८१६ पासून) किंवा चर्च मिशनरी सोसायटीचं इस्लिंग्टनचं महाविद्यालय (१८२५ पासून) अशा ठिकाणी शिकलेले अनेक पाद्री पदवीविना दीक्षित झाले. मिशनऱ्यांमध्ये तर हे सर्रास.

पद: सर्वांत जास्त चुका इथेच

रेक्टर आणि व्हिकर हे गावच्या पाद्रीपदाच्या जागेचे कायमचे धनी. रेक्टरला धान्याचा मोठा दशमांश (चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा) मिळे, व्हिकरला सहसा लहान. पर्पेच्युअल क्युरेटची जागाही कायमची, पण त्याला दशमांशाचा तसा हक्क नसे; ठरावीक रक्कम मिळे. नुसता क्युरेट म्हणजे पगारी मदतनीस. चर्चमधल्या नामफलकावर पहिल्या तिघांची नावं असतात, क्युरेटचं सहसा नसतं. तो फलकही बऱ्याचदा खूप नंतर, जमेल तसा तयार केलेला असतो.

निसर्गलेखक गिल्बर्ट व्हाइटला कित्येक लेखांत सेलबोर्नचा व्हिकर म्हटलंय. तो कधीच व्हिकर नव्हता. सेलबोर्नची जागा देण्याचा हक्क ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजकडे होता आणि व्हाइट ओरिएल कॉलेजचा फेलो. त्याला ती मिळणं शक्यच नव्हतं. तो तिथे वेळोवेळी क्युरेट होता, शेवटी १७८४ पासून १७९३ मध्ये मरेपर्यंत. व्हिकर होते त्याचे आजोबा, आणि त्यांचंही नाव गिल्बर्ट व्हाइट! नातवाचा जन्मही त्यांच्याच व्हिकरेजमधला. एका वाक्यात दोन चुका कशा शिरतात ते यात पुरतं दिसतं. म्हणून पद तपासताना 'ही जागा देण्याचा हक्क कुणाकडे होता' हे आधी शोधा. उत्तर बहुतेक वेळा त्या एका ओळीतच असतं.

१८६८ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षीच्या कायद्याने पर्पेच्युअल क्युरेटांना व्हिकर म्हणवून घेता येऊ लागलं. डिरेक्टरीत १८६५ ला 'पी.सी.' आणि १८७० ला 'व्ही.' दिसलं, गाव तेच असेल, तर ती बढती नव्हे आणि बदलीही नव्हे. पॅट्रिक ब्राँटी १८२० ते १८६१ हॉवर्थला होते, म्हणजे संपूर्ण काळ पर्पेच्युअल क्युरेटच. त्यांना व्हिकर किंवा रेक्टर म्हणणं चूक.

एकाच वेळी अनेक जागा, हे लक्षण बहुतेकदा दोषच नसतं. अठराव्या शतकात ही सर्रास पद्धत होती. स्टर्नकडे सटन-ऑन-द-फॉरेस्ट १७३८ पासून, जवळचं स्टिलिंग्टन १७४४ पासून आणि १७६० पासून कॉक्सवोल्डही. माल्थस १८०३ पासून लिंकनशरमधल्या वॉल्सबीचा रेक्टर, आणि राहायला हर्टफर्डशरमध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलीबरी कॉलेजात प्राध्यापक. मुंबई इलाख्यात येणारे कित्येक मुलकी अधिकारी त्याच कॉलेजात तयार झाले. अशा वेळी 'राहत होता' आणि 'नेमलेला होता' ही दोन वेगळी विधानं ठेवा.

मृत्यूचं वर्ष

दप्तरात 'अमुकच्या मृत्यूने रिकामी झालेली जागा' अशी नोंद असते आणि शेजारी तारीख. ती तारीख नव्या माणसाला पद दिल्याची असते. जागा देणाऱ्याला नाव सुचवायला सहा महिने मिळत, त्यानंतर हक्क बिशपकडे जाई. म्हणून फेब्रुवारीतल्या नेमणुकीवरून त्याच वर्षीचा मृत्यू लिहिला तर तो आदल्या वर्षीचा निघण्याची बरीच शक्यता. आणि जागा 'सेशन'ने रिकामी झाली असं असेल तर माणूस जिवंत आहे. दुसरी जागा घेतल्यामुळे पहिली सुटली, इतकंच.

१२ जानेवारी १८५८ नंतर इंग्लंड-वेल्समध्ये मृत्युपत्रांची सरकारी वार्षिक सूची सुरू झाली. तिच्यात मृत्यूची नेमकी तारीख, ठिकाण आणि मालमत्ता मिळते. शोध मोफत. १८५८ नंतर वारलेल्या पाद्र्यासाठी दाखला मागवण्याआधी हे पाहा. त्यापूर्वीची कँटरबरी न्यायालयातली मृत्युपत्रं लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये प्रोब ११ या मालिकेत आहेत. तिथली तारीख मृत्युपत्र मंजूर झाल्याची असते, मृत्यूची नव्हे.

क्रॉकफर्डची डिरेक्टरी १८५८ पासून, तिच्याआधीची क्लर्जी लिस्ट १८४१ पासून. क्रॉकफर्डमधली माहिती मुख्यतः पाद्र्यांनी स्वतः भरून पाठवलेली. त्यामुळे दीक्षेची वर्षं सहसा बरोबर, पण न आवडलेल्या नोकऱ्या गाळलेल्या, आणि मेलेल्याचं नाव पुढच्या आवृत्तीत रेंगाळलेलं. एकच आवृत्ती पाहू नका. दहा-दहा वर्षांच्या अंतराने तीन पाहा. नाव कुठल्या आवृत्तीत पहिल्यांदा गायब होतं ते महत्त्वाचं.

कबरीच्या दगडाला शेवटचा शब्द मानणारे फार भेटतात. स्टर्न वारला १८ मार्च १७६८ रोजी लंडनमध्ये. त्याच्या कबरीवर दोन परक्या माणसांनी नंतर जो दगड बसवला त्यावर मृत्यू १३ सप्टेंबर १७६८ आणि वय ५३ कोरलं. तारीखही चूक, वयही चूक. तो ५४ वर्षांचा होता. दगड कुणी आणि किती वर्षांनी बसवला हे कळेपर्यंत त्यावरची तारीख 'दगडावरील' अशीच नोंदवा.

एकाच नावाचे दोघे

कारकीर्द अशक्य लांब झाली की बापलेक, आजोबा-नातू किंवा काका-पुतण्या एकत्र झालेत असं समजा. कलकत्त्याचे बिशप रेजिनल्ड हेबर यांच्या वडिलांचं नावही रेजिनल्ड हेबर, आणि तेही पाद्री. उपाय एकच: प्रत्येक नोंदीला कॉलेज, पदवीचं वर्ष आणि गाव यांपैकी दोन खुणा जुळतात का पाहा. फक्त नाव जुळतंय अशी नोंद बाजूला ठेवा, ओढून बसवू नका. जिथे सही उपलब्ध आहे तिथे सही ताडून पाहा. दीक्षा किंवा नेमणूक घेताना पाद्र्याला चर्च ऑफ इंग्लंडच्या श्रद्धेच्या ३९ कलमांखाली सही करावी लागे, आणि त्या सह्यांच्या वह्या बऱ्याच धर्मप्रांतांत शिल्लक आहेत.

मूळ नोंदी: इथून खर्च सुरू होतो

गावच्या नोंदवह्या १५३८ पासून, बिशपकडे जाणाऱ्या त्यांच्या वार्षिक नकला १५९८ पासून. मूळ वही फाटलेली असली तर नक्कल कामी येते, आणि दोन्ही असतील तर दोन्ही पाहा, त्यांत फरक सापडतात. बाप्तिस्मा म्हणजे जन्म नव्हे. अंतर काही दिवसांचं असतं, कधी वर्षांचंही. १८१३ पासून छापील नमुने आले आणि दफनाच्या नोंदीत वय लिहिणं सक्तीचं झालं. मुलकी नोंदणी १ जुलै १८३७ पासून. १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरील माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलेली असतात. तिच्यावरून जन्मवर्ष काढू नका, १८५१ ची घ्या.

जन्म आयर्लंडमधला असेल तर आधीच सावध व्हा. डब्लिनचं सार्वजनिक अभिलेखागार ३० जून १९२२ रोजी स्फोट आणि आगीत गेलं आणि आयर्लंडच्या चर्चच्या शेकडो नोंदवह्या त्यात संपल्या. गावनिहाय काय वाचलं याच्या याद्या आहेत. त्या पाहिल्याशिवाय पैसे भरून शोध मागवू नका.

मुंबई इलाख्यातला पाद्री असेल तर

पहिली कसोटी बिशपची. कलकत्त्याचा धर्मप्रांत १८१४ चा, मुंबईचा १८३७ चा आणि त्याचा पहिला बिशप टॉमस कार. मुंबईचं सेंट थॉमस १७१८ च्या नाताळात उघडलं, पण कॅथेड्रल झालं १८३७ मध्ये. तेव्हा '१८०५ मध्ये मुंबईत अँग्लिकन दीक्षा' असं कुठे वाचलंत तर ते खोडा. त्या काळी दीक्षा इंग्लंडमध्येच होई. दोन दीक्षाही सापडू शकतात: आग्र्याच्या अब्दुल मसीह यांना १८२० मध्ये ल्यूथरन दीक्षा मिळाली आणि १८२५ मध्ये हेबर यांच्याकडून अँग्लिकन. दोन्ही तारखा खऱ्या, घटना वेगळ्या.

दुसरी कसोटी: पगार कोण देत होतं? कंपनीचा चॅप्लन, म्हणजे तिचा पगारी पाद्री, आणि मिशनरी या वेगळ्या नोकऱ्या आणि त्यांची दप्तरंही वेगळी. हेन्री मार्टिनला सगळे मिशनरी म्हणतात, पण तो कंपनीचा चॅप्लन होता. चॅप्लन ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात सापडेल, चर्च मिशनरी सोसायटीचा माणूस बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या दप्तरात, एसपीजी या दुसऱ्या अँग्लिकन मिशन संस्थेचा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात. नाशिकजवळच्या शरणपूरच्या वसाहतीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांना शोधायचं तर बर्मिंगहॅमकडे वळा, लंडनच्या चॅप्लनांच्या यादीत ते मिळणार नाहीत.

मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, विवाह आणि दफनं इंडिया ऑफिसच्या एन/३ या मालिकेत आहेत, १७०९ ते १९४८. या मालिकेला मूळ समजू नका. इथून लंडनला पाठवलेल्या त्या नकला आहेत. नाव चुकलंय असं वाटलं तर मूळ वही त्या चर्चमध्येच शोधावी लागते. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीची शोधसूची मोफत आहे, तिथून सुरुवात करा. सरकारी पत्रव्यवहार आणि चॅप्लनांच्या बदल्या-रजांसाठी मुंबईच्या पुराभिलेख विभागातलं चर्चखात्याचं दप्तर पाहावं. अर्ज, ओळखपत्र आणि हवा तो वर्षांचा पट्टा आधी लिहून न्या. 'या पाद्र्याबद्दल जे असेल ते' असं मागितलं तर काहीच हाती लागत नाही.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

नोंद लॅटिनमध्ये किंवा सोळाव्या-सतराव्या शतकाच्या हस्ताक्षरात असेल तर अंदाजाने वाचू नका. इंग्लंडच्या न्यायालयीन कागदांत लॅटिन २५ मार्च १७३३ पर्यंत चाललं, आणि आकडे व संक्षेप वाचताना सरावलेल्यांचीही गल्लत होते. त्या काउंटीच्या अभिलेखागारातल्या माणसाला एका पानाचा फोटो पाठवून विचारा, किंवा त्यांच्या यादीतला पगारी संशोधक घ्या.

चर्चच्या कपाटातली वही कसरीने खाल्लेली, पानं चिकटलेली किंवा भिजलेली असेल तर ती उघडूच नका. पानं सुटी करायचा प्रयत्न, टेप, लॅमिनेशन, उन्हात वाळवणं यांतलं काहीही करायचं नाही. कागद-संवर्धन करणाऱ्याला बोलवा आणि तोवर वही आडवी, कोरड्या जागी ठेवा. काम वारसाहक्काचं, नागरिकत्वाचं किंवा कोर्टातलं असेल तर छापील सूची किंवा स्क्रीनशॉट चालत नाही, प्रमाणित प्रत लागते. तिथे वकिलाला विचारूनच पुढे जा.

आर्चबिशपची सूट, पदच्युती, चर्चच्या न्यायालयातला खटला असं काही निघालं की कँटरबरीच्या आर्चबिशपच्या दप्तरांसाठी लंडनच्या लॅम्बेथ पॅलेस ग्रंथालयाला लिहा. असले कागद सूच्यांवरून समजत नाहीत, आणि अर्धवट वाचून मेलेल्या माणसाच्या नावाला डाग लावणं सोपं असतं.

संशोधक नेमणार असाल तर वरचा पाच रकान्यांचा कागदच त्याला द्या आणि एकच प्रश्न विचारा, उदाहरणार्थ: '१७३० ते १७४० दरम्यान अमुक धर्मप्रांताच्या सह्यांच्या वहीत ही सही आहे का?' तासांची मर्यादा आधी लेखी ठरवा. काही सापडलं नाही तरी कुठली वही, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत पाहिली, ते लिहून घ्या.

दोन तारखा शेवटपर्यंत भांडतच राहिल्या तर एक निवडून दुसरी लपवू नका. नोंदीत 'बाप्तिस्मा' तेवढा लिहा आणि जन्माला 'सुमारे' लावा. दगड आणि दफनाची नोंद जुळत नसेल तर मजकुरात दफनाची नोंद घ्या, आणि दगडावरचा मजकूर तळटीपेत जसाच्या तसा द्या, तो दगड कधी बसवला त्या वर्षासकट.